बाटलीवरची विभूती

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघायला गेलो तेव्हा अण्णांनी माझं गाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "वॉशिंग मशीन हाय काय?"

"घ्यायचा विचार आहे," मी म्हणालो.

"घ्या की. खरं जिन्याच्या अंगाला ठेवायचं न्हाय. गॅलरीत ठेवायचं. मिक्सर बी गॅलरीतच. आनि चटणी घरात कांडायची न्हाय, गिरणीत डंकावर न्यायची."

"का बरं?"

"खाली झोपल्यात."

घरात कुणी आजारी असेल असं वाटून मीही आवाज खाली आणला. "कोण?"

अण्णांनी जिन्याखालच्या बुटक्या दाराकडं बोट केलं. "बाटल्या."

त्याच वेळी मी परत फिरायला हवं होतं. राजारामपुरीत खोल्या काही कमी नव्हत्या. पण तेवढ्यात आतून अव्वा चहा घेऊन आल्या. चहा चांगला होता, बाई चांगल्या वाटल्या, आणि मी राहिलो. मी तिथं होतो तोवर माझं वॉशिंग मशीन गॅलरीत पावसाळे काढत राहिलं आणि बायको दर पावसाळ्यात मला अण्णांवरून बोलत राहिली.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अव्वा. मूळचे नेसरीकडचे. गुळाचा व्यापार, थोडी शेती, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. घरात पिढ्यान्‌पिढ्या मांस नाही की दारू नाही. अशा घरातला हा मुलगा कुणाचं न ऐकता जहाजावर गेला आणि चीफ स्टुअर्ड होऊन निवृत्त झाला, म्हणजे कप्तानाच्या आणि साहेबलोकांच्या खाण्यापिण्याचा कारभारी. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांचे पेले भरले. स्वतः एक थेंब कधी जिभेला लावला नाही. आणि तरीही दारूबद्दल, त्यातही पोर्टबद्दल, त्यांच्याइतका हेकट माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

पोर्ट म्हटल्यावर मी पहिल्यांदा सहज बोलून गेलो होतो, "ती गोव्याला मिळती ती काय, गोडगोड?" अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मग एके दिवशी त्यांनाच राहवेना म्हणून जिन्यात गाठून त्यांनी मला सगळं समजावलं. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात ब्रँडी ओततात. त्यानं आंबणं थांबतं आणि गोडी आत राहते. एखाद्या साली द्राक्षं फार चांगली निघाली, की त्या सालची पोर्ट बाटलीत भरायची, बाटली आडवी करायची आणि विसरून जायचं. वीस वर्षं, तीस वर्षं, कधी त्याहून जास्त. आत गाळ तयार होतो आणि बाटलीच्या खालच्या अंगाला चिकटून बसतो. वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून तिकडचे लोक बाटलीवर पांढऱ्या रंगाचा एक फराटा मारतात. तो फराटा कायम वर पाहिजे. बाटली फिरवली, हलवली, की गाळ उठला आणि सगळं मुसळ केरात.

त्या फराट्याला अण्णा विभूती म्हणायचे. "आमी रोज सकाळी लावतो, तिला जल्मात एकदाच लावल्याली आस्ती," असं सांगताना त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडं जायचा.

एवढं सगळं ज्ञान, पण चव घ्यायची नाही. तिथं मी सापडलो. त्यांच्या खोल्या मी भाड्यानं घेतल्या आणि माझी जीभ त्यांनी फुकटात घेतली.

जहाजावरचे त्यांचे जुने दोस्त अधूनमधून मुंबईहून, गोव्याहून यायचे. त्यांच्यासाठी एक बाटली काढायची असली की निवडीला महिनाभर आधी सुरुवात व्हायची. जिन्याखाली पूर्वी गुळाच्या ढेपा असायच्या. आता तिथं ओल्या पोत्यांखाली बाटल्या होत्या आणि कोपऱ्यात अव्वांच्या शेंगांचं पोतं. अण्णा पाट टाकून बसायचे. बाटलीला हात न लावता नुसता बॅटरीचा उजेड टाकायचे. आतली दारू गळ्यापर्यंत आहे की खाली उतरलीय, बुचावरच्या लाखेतून कुठं पाझरलंय का, हे बघायचे. आज एक ठरवायची, उद्या ती नको म्हणायचं. शेवटी कुठली तरी ठरली की ती उभी करायची, कारण कडेचा गाळ तळाला जायला बरेच दिवस लागतात. त्या दिवसांत मी जिना उतरताना चप्पल वाजली की आतून आवाज यायचा, "पावणं, हळू." इतकी वर्षं भाडेकरू होतो, पण त्यांच्या लेखी पावणंच राहिलो.

आणि माझं पथ्य. आधी दोन दिवस तिखट बंद. मिसळ नाही, तांबडा रस्सा नाही, पांढरासुद्धा नाही. "जीभ कोरी पायजे," अण्णा म्हणायचे. कोल्हापुरात राहून खानावळीत दहीभात मागणाऱ्या धडधाकट माणसाकडं लोक कसे बघतात, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. मी शिरोलीला एका फौंड्रीत नोकरीला होतो. तिथं एकदा मटणाचं जेवण होतं, आणि नेमकं दुसऱ्या दिवशी अण्णांची बाटली. ताटाला नाही म्हणायला काहीतरी कारण हवं म्हणून मी मूळव्याध सांगितली. अजून फौंड्रीतली माणसं रस्त्यात भेटली की आधी तिची चौकशी करतात.

बाटली उघडायची तर जुनी बुचं काढताना त्यांचा भुगा होतो. त्यासाठी अण्णांनी माझ्याकडून आमच्या वर्कशॉपमध्ये एक चिमटा करून घेतला. तो गॅसवर लाल करायचा, बाटलीच्या गळ्याला घट्ट धरायचा, मग लगेच तिथं ओलं फडकं लावायचं. काचेला चीर जाऊन गळा बुचासकट अलगद सुटतो. आमच्या फिटरनं चित्र बघून विचारलं, "साहेब, बैलाच्या नाकात घालायचा हाय काय?" अण्णांनी तो चिमटा पुन्हा पुन्हा परत पाठवला. गोलाई बरोबर नाही म्हणे. शेवटी त्यांना पसंत पडला तेव्हा फिटर माझ्याशी बोलायचा बंद झाला होता.

मग काचेच्या जगमध्ये ओतणं. बाटलीच्या गळ्याखाली मेणबत्ती लावून, एका दमात, हात जराही न हलवता. गळ्याशी गाळाची काळी रेघ दिसली की हात थांबला पाहिजे. एकदा त्यांचा एक दोस्त कंटाळून म्हणाला, फडक्यातून गाळून टाक की सरळ. अण्णा म्हणाले, "फडक्यातनं चक्का गाळत्यात."

आणि मग माझी परीक्षा.

"बोला."

"गोड आहे."

"गोड तर काकवी बी आस्ती. फुडं?"

"मनुकांसारखी लागते."

"कसल्या? काळ्या का पिवळ्या?"

"काळ्या. आणि सुकं अंजीर."

"फुडं?"

"जुन्या लाकडी कपाटासारखं काहीतरी."

"कपाट चाटलायसा कधी?"

त्यांनी स्वतः नुसता वास घेतलेला असायचा. त्या वासावरून त्यांना जे कळलेलं असायचं, ते त्यांना माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असायचं, आणि ते नेमकं काय हे मला कधीच कळायचं नाही. एकदा चिडून मी म्हणालो, "अण्णा, एक घोट घ्या आणि तुम्हीच बघा." त्यांनी शर्टाच्या आतल्या लिंगाला हात लावला. "ह्यो काय म्हनंल?" आणि लगेच, "फुडं बोला."

अर्थात हे बाटली उघडली तर. बहुतेक वेळा ती उघडायचीच नाही. दोस्त येऊन बसलेले, माझी जीभ दहीभातानं बेचव झालेली, आणि अण्णा बॅटरी लावून शेवटचं बघायचे आणि म्हणायचे, "बसू दे." म्हणजे गाळ अजून बसला नाही, चव अजून बसली नाही, बाटली परत आडवी. दोस्त बियर आणून प्यायचे आणि जायचे. गॅलरीवर पत्रा कधी घालताय विचारलं तरी उत्तर तेच, बसू दे. घाई केलीच तर वर ऐकवायचे, "उघडली की संपती." तेही खरं होतं. ही जुनी पोर्ट एकदा उघडली की एका-दोन दिवसांत संपवावी लागते, मग तिच्यात राम राहत नाही. पण कधीच उघडली नाही तर तिचा उपयोग काय, हा प्रश्न त्या घरात फक्त मलाच पडायचा असं मला वाटायचं.

तसं नव्हतं. त्यांच्या मुलीलाही पडत होता.

मुलगी एकुलती एक. ती जन्मली तेव्हा अण्णा समुद्रावर होते. त्यांनी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती रांगत होती. तिच्या जन्माच्या साली खुडलेल्या द्राक्षांची पोर्ट पुढं बाजारात आली, तेव्हा त्यांनी पोर्तुगालहून एक बाटली आणली आणि सांगितलं, ही तुझी, तुझ्या लग्नात उघडायची. ते ऐकतच ती मोठी झाली. पिण्याचा प्रश्नच नव्हता, तीही त्याच घरातली. पण ती "माझी बाटली" म्हणायची, आणि शेंगा आणायला जिन्याखाली गेली की आधी बाटलीकडं बघून यायची.

तिचं लग्न ठरलं. मांडवात दारू चालणार नाही, म्हणून हळदीच्या दिवशी दुपारी, पाहुणे जेवून पांगले की घरातल्या घरात उघडायची असं ठरलं. मुलीनं नुसती ओठाला लावायची, बाकी दोस्त आणि मी होतोच. बाटली स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात उभी करून ठेवली होती. मी लग्नघरात, समोर मसालेभात आणि झणझणीत वांगं असताना, दहीभात खात होतो. आणि त्या सकाळी मुलीच्या कोडोलीच्या मामांनी बुंदीच्या लाडवांची परात ठेवायला जागा करायची म्हणून ती बाटली उचलून बाजूला ठेवली. पालथी केली नाही, आपटली नाही. उचलली आणि ठेवली.

अण्णांनी बॅटरी लावून बघितलं. "गाळ उठला."

मुलगी हळदीच्या अंगानं दारात उभी होती. "अण्णा, आज उघडतो म्हणालासा न्हवं?"

"बाटलीला आज-उद्या कळत न्हाय. बसू दे."

ती तशीच आत वळली. लग्न होऊन बेंगलोरला निघताना ती आईच्या गळ्यात पडून रडली. अण्णांना मात्र वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसली. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की कार्यालयातून परत येताना मी एका जागी दोन मिसळी खाल्ल्या.

पुढं तिच्या मुलाचं बारसं झालं, बसू दे. तिनं घर घेतलं, बसू दे. मग तिनं विचारायचं सोडून दिलं. मीही फ्लॅट घेऊन दुसरीकडं राहायला गेलो. वॉशिंग मशीन घरात आलं, जीभ मात्र अण्णांकडंच राहिली. फोन आला की दहीभात सुरू. हळूहळू दोस्त यायचे थांबले. बाटल्याही जात जात तीन उरल्या.

आणि त्या साली अव्वांच्या गुडघ्याला औषध लागू पडलं.

आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुऊन निघते. गोधड्या, पडदे, डबे, सगळं. अव्वांचे गुडघे दुखायचे म्हणून जिन्याखालचं तेवढं दरवर्षी राहायचं. त्या वर्षी राहिलं नाही. अण्णा दवाखान्यात गेले होते तेवढ्यात त्यांनी तिन्ही बाटल्या बाहेर काढल्या, काथ्या आणि साबणानं खसखसून घासल्या, नळाखाली उलट्यापालट्या करून धुतल्या आणि गच्चीवर गोधड्यांच्या शेजारी उन्हात वाळत ठेवल्या.

मला फोन त्यांचाच आला. "जरा येऊन जावा की. हे जिन्यात बसल्यात, उठंनात."

जाऊन बघतो तर बाटल्या लखलखत होत्या. लेबल नाही, फराटा नाही, काही नाही.

"किती घाण बसलीती," अव्वा म्हणाल्या. सीमेकडच्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल बाप्यासारखं बोलतात. "मी सगळं घासून काढलो. वर चुन्याचा डाग पडलता, त्यो बी काढलो. वाईट केलो काय?"

काय सांगणार? ती विभूती आहे हे अण्णांनी मला सांगितलं होतं, दोस्तांना सांगितलं होतं, गल्लीतल्या रिक्षावाल्यालाही सांगितलं होतं. बायकोला सांगायचं राहिलं होतं.

"तिची कंची, ते कळंना," अण्णा म्हणाले. तिन्ही बाटल्या एकाच घडणीच्या, तिन्हींची लाख काळी. साल आता फक्त आतल्या बुचावर छापलेलं, आणि बूच बाहेर काढल्याशिवाय ते दिसणार नाही. त्या दिवशी ते बसू दे म्हणाले नाहीत, म्हणून मला जास्त काळजी वाटली.

दसऱ्याला मुलगी एकटीच आली. मलाही बोलावलं होतं, सोनं द्यायला आणि जेवायला. पुऱ्या झाल्या, श्रीखंड झालं, आणि ताटं उचलायच्या आधी तिनं सांगितलं, "दिवाळी झाली की आम्ही कॅनडाला चाललो. तिकडंच राहायचं ठरलंय. आता परत कधी येतो ते मलाच माहीत न्हाई." अव्वांना आधी माहीत असावं, त्या खाली बघत होत्या. अण्णा श्रीखंडात बोट फिरवत राहिले.

"माझी बाटली उघडूया," ती म्हणाली.

"तुझी कंची ते कळत न्हाय. गाळ बी सगळा उठलाय. वरीसभर ठेवूया, मग बगू. बसू दे."

"तिन्ही उघडा."

अण्णांनी मदतीला माझ्याकडं बघितलं. चुकीच्या माणसाकडं बघितलं. "तिन्ही उघडा, अण्णा," मी म्हणालो.

पुऱ्यांची कढई उतरवून अव्वांनी चिमटा गॅसवर धरला. पहिल्या बाटलीचा गळा सुटला. अण्णांनी त्यातलं बूच काढलं, चष्मा लावून वाचलं. "ही न्हवं." दुसरी. चिमटा परत तापवला, परत फडकं, परत बूच. "ही बी न्हवं." आणि मग त्यांनी तिसऱ्या बाटलीकडं बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे ही तिची."

ते उठले, देवापाशी गेले, बोटावर खरीखुरी विभूती घेऊन आले आणि बाटलीवर एक आडवं बोट ओढलं. "घावली. आता उघडायची गरजच न्हाय. आडवी ठिवतो. बसू दे."

तापलेला चिमटा त्या वेळी माझ्या हातात होता, हे काही बरं नव्हतं.

मुलगी उठली. तिनं बाटली त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली. पालथी केली, सुलटी केली, परत पालथी केली, आणि मग औषधाची बाटली हलवतात तशी जोरजोरात हलवली. "अगं अगं," अव्वा म्हणाल्या. ती हलवतच राहिली. मग तिनं बाटली अण्णांच्या पुढ्यात ठेवली. विभूती अर्धी तिच्या तळहाताला लागली होती.

"आता बसायचं काय राहिलं न्हाई. उघडा."

अण्णा बाटलीकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं न बघता हात पुढं केला, आणि मी चिमटा दिला.

गळा सुटला. मेणबत्तीचा आता काही उपयोग नव्हता. "फडकं आण," ते अव्वांना म्हणाले, आणि अव्वांनी चक्क्याचं धुतलेलं फडकं आणून काचेच्या जगच्या तोंडावर धरलं. दोन्ही बाजूंनी आई आणि मुलगी, मध्ये अण्णा ओतताहेत. बूच त्यांनी मुलीच्या हातात दिलं. तिनं त्यावरचं साल वाचलं आणि मूठ मिटली.

पेल्यातली तिनं नुसती ओठाला लावली आणि तोंड वाकडं केलं. "खोकल्याचं औषध हाय हे." अव्वा हसल्या. मग तिनं पेला अण्णांच्या नाकाशी धरला. "कशी हाय?"

अण्णांनी डोळे मिटून वास घेतला. बराच वेळ घेतला.

"तयार हाय," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"कधीपासनं?"

अण्णांनी तिच्या मिटलेल्या मुठीकडं बघितलं. मग म्हणाले, "तुझ्या लग्नात बी तयारच हुती."

अव्वांचा फडकं पिळणारा हात थांबला. "मग तवा का न्हाय उघडलासा?"

"उघडली की संपती," अण्णा म्हणाले.

मुलगी खाली बसली आणि तिनं त्यांच्या खांद्याला डोकं टेकवलं. अण्णांना असल्या गोष्टींची सवय नव्हती, ते ताठ बसून राहिले. मला खरं तर राग यायला हवा होता. माझे दहीभात, वर्कशॉपमधला फिटर, हळदीच्या अंगानं आत वळलेली ती पोरगी, आणि हा माणूस इतकी वर्षं गाळाचं निमित्त सांगत होता. राग आलाही. पण पुढ्यात पेला होता, तो मी उचलला आणि प्यायलो.

थोड्या वेळानं त्यांना माझी आठवण झाली. "पावणं, बोला."

"गोड आहे," मी म्हणालो.

काळ्या मनुका, सुकं अंजीर, कपाट, सगळं मी जिभेवर तयार ठेवलं होतं. अण्णांनी फुडं विचारलं नाही.